प्रार्थनेतून नोटीस

५ जानेवारी २०२५, रविवार

उपासनेनंतर कमिटीने मला चर्चचा कर्मचारी विभाग बहाल केला. कर्मचारी एकूण एक — नंदाबाई. वडिवळ्याच्या. झाडलोट करतात, घंटा वाजवतात, मागच्या खोलीत राहतात. विभागप्रमुख मी. जन्मभर वडगावच्या शाळेत मराठी शिकवलं, ही माझी पात्रता! सेक्रेटरी सारिकाताई एका कारखान्यात एचआर सांभाळतात. म्हणाल्या, "सर, तुम्ही फक्त ह्यूमन टच द्या." म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. अशाच थंडीत सातवी-ब एका सुरात कविता म्हणायची, तोंडातून वाफा निघायच्या. वाफेलासुद्धा ओळीतली यती कळायची.

८ जानेवारी, बुधवार

पहिली कामगिरी — नंदाबाईंना काढायचं. त्यांच्या जागी एजन्सीची गणवेशातली माणसं. दोष काय, तर 'अ‍ॅटिट्यूड'. पावसाळ्यात एक डॉक्टरीणबाई पाय न पुसता आत आल्या, तेव्हा नंदाबाई म्हणाल्या होत्या, "देवाच्या घरात चिखल आनलात, उद्या तुमच्या घरात म्या आनू का?" खोलीही सोडायला सांगायची. त्यांना दुसरं घर नाही. सांगणार कोण? सगळ्या कमिटीने माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहिलं की मला माझा निरोप समारंभ आठवला.

आमच्यात तोंडावर कुणी कुणाला बोलत नाही. प्रेमाची मंडळी ना! बोलायचं ते प्रार्थनेत, डोळे मिटून. मागे "प्रभू, आमच्या पेटीवाल्या भावाला सुराची जाण दे" असं जाहीर मागून झालं. त्यानेही आमेन म्हटलं आणि पेटी कायमची मिटली.

११ जानेवारी, शनिवार

गेलो होतो. सांगितलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

आज सांगायचंच म्हणून गेलो. नंदाबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला. "घ्या गुरुजी, ग्वाड बोला." आता बोला! मी थंडीवर बोललो. हरभऱ्यावर बोललो.

"काय सांगाया आलता जनू?"

"काही नाही, सहज."

एचआर म्हणतात ते हेच असावं.

१५ जानेवारी, बुधवार

संध्याकाळची प्रार्थनासभा. नंदाबाई नेहमीसारख्या चहा ठेवून दाराशी बसल्या. सारिकाताईंनी प्रार्थना केली. मुक्तछंदात. "हे प्रभू, तुझी कन्या नंदा हिला सेवेची नवी दारं उघडून दे. महिनाअखेर ती खोली रिकामी करील, तेव्हा तिच्यासोबत राहा." म्हणजे नोटीस देवाच्या नावे, प्रत नंदाबाईंना.

सगळे म्हणाले, "आमेन."

नंदाबाई म्हणाल्या, "न्हाई."

डोळे कुणी उघडेना.

"मला काडायचं तर मला सांगा. देवाला कशापायी मधी घालता? कुनाला नको झालेय मी?"

आमचे पाळक, आकाश. त्यांनी घसा साफ केला आणि डोळे आणखी घट्ट मिटले. मी उघडले.

"नंदाबाई, तुम्हाला काढायचं कमिटीने ठरवलंय. सांगायला मला धाडलं होतं. मी दोनदा आलो आणि तसाच परतलो. मला विचाराल तर तुमचं काम चोख आहे." मग कमिटीला म्हणालो, "ज्यांना त्या नको असतील त्यांनी त्यांच्याकडे बघून सांगावं."

वर्गात असा प्रश्न टाकला की मुलं आपापल्या चपला बघायची. इथे डोळे मिटलेले, तेवढीही सोय नव्हती. शेवटी पाळक पुटपुटले, "तर मग... राहू देत नंदाबाई."

"च्या गार झाला," नंदाबाई उठल्या. "आता गुमान प्या."

२२ जानेवारी, बुधवार

प्रार्थनासभा. सारिकाताई म्हणाल्या, "प्रभू, गुरुजींना या वयात ओझ्यातून विश्रांती दिलीस, तुझे आभार." सगळ्यांनी आमेन म्हटलं. सवयीने मीही.

बाजूने नंदाबाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमालाच काडलं की."