एक जूनची जनी

सावर्डे,
रविवार, २३ सप्टेंबर १९८४

तीर्थरूप आप्पा,

सखूचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? आईला सांगा, सांडगे पोचले आणि निम्मे शेजारणीनेच संपवले. इकडे भात पोटरीला आलंय. गणपतीला शाळेच्या कामामुळे येता आलं नाही, ते मागच्या कार्डात कळवलंच होतं.

गेल्या वर्षीपासून शिकवण्याबरोबर व्यवसाय मार्गदर्शनही माझ्याच गळ्यात आहे. रत्नागिरीला मला दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं आणि येताना 'दहावीनंतर काय?' असा भिंतभर तक्ता हातात ठेवला. आयटीआय, डी.एड., टंकलेखन, नर्सिंग, सगळीकडे रंगीत बाण. जानेवारीत तो वर्गात लावला तेव्हा मुलगे जांभया देत होते. त्यांचं मुंबईला काकाकडे जायचं ठरलेलंच.

उभी राहिली ती जनी. तुम्ही निवृत्तीआधी ज्या वाडीच्या शाळेत होतात तिथली, गंगाची मुलगी. तिला पहिलीत तुम्हीच घेतलं होतंत. म्हणाली, "बाय, माजं लगीन वैशाखात हाय. त्याच्या आदी व्हता येल असं काय हाय का त्या कागदात?"

सगळा वर्ग हसला. मला हसू आलं नाही. तिचा नर्सिंगचा फॉर्म मीच भरला, तिच्या बापाला मुंबईला चार पत्रं घातली, लग्न वर्षभर पुढे ढकलायला लावलं. ऑगस्टपासून जनी रत्नागिरीच्या नर्सिंग प्रशिक्षण केंद्रात आहे. बापाने मात्र बजावून ठेवलंय, तिथून नाव कमी झालं तर दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाईन आणि महिन्याभरात उजवून टाकीन.

आता मुद्द्याचं. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात जन्मतारखेची चूक झाली आहे. प्रवेशाला सतरा पूर्ण लागतात. तुमच्या रजिस्टरात १ जून १९६८ आहे, दाखल्यावर १९६७ पडलं आहे. गुरुवारी प्रशिक्षण केंद्राचं पत्र आलं, की सर्व मुलींच्या प्राथमिक शाळेतल्या नोंदींचे उतारे पंधरा दिवसांत पाठवावेत.

आप्पा, चूक झाली नाही. मी केली. कारकून रजेवर होता, दाखले मी लिहीत होते. आठाच्या जागी सात लिहिला आणि हेडसरांनी गठ्ठ्यात सही करून टाकली. गणपतीला आले नाही ते यामुळे. तुमच्या पंगतीला बसले असते तर पहिल्या घासालाच तुम्ही ओळखलं असतंत.

मला फार भीती वाटते. पोस्टमन फाटकाशी दिसला की मी खिडकीपासून मागे सरकते. फळ्यावर तारीख लिहिताना हात थांबतो आणि मुली एकमेकींकडे बघतात. नोकरी जाईल, पोलीस येतील, हे तर आहेच. पण खरी धास्ती वेगळी आहे. ती पोर ट्रंक घेऊन एसटीतून उतरेल, बाप शेजारी उभा असेल, आणि ती माझ्याकडे न बघता त्याच्यामागून चालू लागेल. तिला हा रस्ता दाखवणारी मी, आणि तो बंद करणारीही मीच.

शुक्रवारी वाडीवर गेले. तुमच्या जागी आता तुमचाच विद्यार्थी आत्माराम आहे. त्याने रजिस्टर काढलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "ताय, आप्पा गुर्जी हो म्हनूंदेत. एक आकडा तं हाय." खरं सांगते, मी पेनाचं टोपण उघडलं होतं. मग पानावरचं तुमचं अक्षर दिसलं. गणितात मला एक गुण कमी पडत होता तेव्हाही तो न देणारं तेच अक्षर. मी टोपण लावलं.

पण त्या पानावर निम्म्या मुलांचा जन्म एक जूनचा आहे, आप्पा. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की तुम्ही सहा वर्षं धरून एक जून लिहायचात. गंगा म्हणते, सदुसष्टच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा जनी रांगत होती, तिला उचलूनच ती खळ्यात धावली. म्हणजे अडुसष्टच्या जूनमध्ये ती जन्मली कशी? ती असंही सांगते की त्र्याहत्तर साली ती जनीला घेऊन तुमच्याकडे आली होती. पोरगी खुरटी, हात कानाला लागेना, म्हणून तुम्ही परत पाठवलंत. पुढच्या वर्षी लागला, तेव्हा सहा लिहिलीत.

उद्या मी हेडसरांना सगळं सांगणार आहे. दाखला माझ्या हातचा आहे, त्याचं जे होईल ते माझं. माझ्यासाठी काही मागत नाही. जनीसाठी मागते. त्या तारखा अंदाजाने लिहिल्या होत्या आणि ती आदल्या वर्षी येऊन परत गेली होती, एवढं प्रतिज्ञापत्र मंडणगडला तहसील कचेरीत करून द्याल का? ते जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे नोंद दुरुस्तीचा अर्ज करता येईल. दिवस अकरा उरले आहेत.

आठवत असेल तरच द्या. आठवत नसेल तर खोटं लिहा असं मी म्हणणार नाही, आणि तुमच्याकडून ते व्हायचंही नाही. पण मग तो नकार मला कळवू नका. जनीलाच पत्र घाला. वसतिगृहाचा पत्ता मागे लिहिला आहे. तिला वाचायला तुम्हीच शिकवलंत, तुमचं अक्षर तिला लागेल.

तुमची,
सखू