मस्कतचं विमान आणि माझी पूर्वतयारी

२ जून
मस्कतहून मृणालीचा फोन. वीस तारखेला नातीचा पहिला वाढदिवस, म्हणून आम्हा दोघांची तिकिटं काढली म्हणे. मला न विचारता. पावसाळ्यात अरबी समुद्रावर विमान किती हादरतं, एवढी अक्कल मुलीला नाही. सुनेत्रा घाबरणार. नवरा म्हणून मलाच धीट राहावं लागेल. आजपासून टर्ब्युलन्सचा अभ्यास.

५ जून
दिवसभर व्हिडिओ. विमान हादरतं, पडत नाही. पंख वाकतात, ते वाकायलाच हवेत. पंखांजवळची सीट कमी हलते. सगळं सुनेत्राला समजावलं. आंबोळी उलटता उलटता ती "बरं" म्हणाली. भीतीने वाचाच बसली असावी.

१० जून, दुपार
प्रॅक्टिकल. राजापूरच्या एसटीत मुद्दाम शेवटची सीट घेतली. लांज्यापर्यंत उत्तम. पुढे शेजारच्या बाईंनी खिडकीबाहेर तोंड काढून उलटी केली. किळसवाणा प्रकार. लोकांना प्रवासाची शिस्तच नाही. त्यांचं बघून मलाही झाली, यात माझा दोष शून्य. शिवाय लांज्याची भजी तेलकट होती. वाटेतच उतरलो. प्रयोग यशस्वी.

१४ जून
विमानात प्रत्येक सीटसमोर उलटीची कागदी पिशवी असते. आणि तिथेच जेवायला वाढतात! शिसारी आली. समोरचं ताट दूर सारलं. सुनेत्रा शांतपणे बॅगेत झबली भरत होती. या बाईला कशाचं गांभीर्य नाही.

१८ जून, मुंबई विमानतळ
घोषणा झाली. हवा खराब, विमान थोडं हलेल. "थोडं" म्हणजे किती? बेजबाबदार लोक. निषेध म्हणून मी खुर्चीतून उठलो नाही. सुनेत्राला म्हटलं, हवा सुधारली की जाऊ. ती म्हणाली, "मी नातीला अजून एकदाही मांडीवर घेतलेलं नाही. तुम्ही यायचं तर या." आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मी तत्त्व सोडलं नाही.

२० जून, रत्नागिरी
घरी खिचडी. करपली. कुकर बेकार.
संध्याकाळी व्हिडिओ कॉल. विमान समुद्रावर चांगलंच हादरलं म्हणे. शेजारची मुलगी रडायला लागली, तर सुनेत्राने तिला आवळासुपारी दिली आणि स्वतः झोपली. मग केक कापला. मृणालीने नातीला फोनसमोर धरलं. माझा चेहरा बघून पोर भोकाड पसरून रडली, आजीच्या मांडीवर गेल्यावर गप्प झाली. मला फार वाईट वाटलं.
सुनेत्रा हळूच म्हणाली, "तुमचा हात धरता यावा म्हणून मी तुमच्या शेजारची मधली सीट मागून घेतली होती हो."
मी म्हटलं, रेंज नाही, आणि फोन ठेवला.