डाव्या हातातली देवी

माघ शु. ९, शके १८५९. अनसिंग

आज पुन्हा डावा हात आपोआप उडाला. भाकरी थापताना. अर्धी भाकरी चुलीत, अर्धी सासूबाईंच्या लुगड्यावर. आता बोलणी खायची, म्हणून मान खाली घातली. तर त्यांनी पदर पसरून माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणे, अंगात देवी आली. लग्न झाल्यापासून "अवं"शिवाय हाक नाही, आज "माय"!

माघ शु. ११

हात थांबत नाही. मी झोपले की तेवढा वेळ तोही निजतो. डोकं शाबूत आहे, उजव्या हाताने हे लिहिते आहे. "मी देवी नाही" म्हटलं की बाया म्हणतात, "देवी परीक्षा घेऊन राह्यली."

घसा सारखा कोरडा. सासूबाईंकडे पाणी मागितलं, गुळाचं आलं.

"आत्याबाई, मले नुसतं पानी द्या!"

"देवीले नुसतं पानी कसं द्यावं, माय?"

तहान इतकी, की तेही प्याले.

माघ पौर्णिमा

पुरणपोळी, खीर, पेढे. तोंडात कोंबतात. न्हाणीत मुंग्या लागल्या. सा.बाई म्हणतात, मुंग्याही दर्शनाला आल्या. कपाळ माझं! बाबांचं असंच झालं होतं. तहान, मुंग्या, मग शुद्ध गेली ती गेलीच. भीती वाटते.

यांना म्हटलं, अकोल्याला डॉक्टरकडे न्या. "वांग्याचा तोडा हाय. अन् देवीले डाक्टर कायले?"

वांगी!

माघ व. २

आज डोकंच फिरलं. ओट्यावर बाया भरलेल्या. हात उडत होता, उडू दिला. घुमत ओरडले, "मले अकोल्याले जायचं हाय! डाक्टराच्या घरी! आत्ताच्या आत्ता!"

यांनी स्वतः बैल जुंपले. वांगी झाडावरच राहिली.

माघ व. ५, अकोला

डॉ.नी लघवी औषधात उकळली. विटेसारखी लाल झाली. म्हणजे लघवीत साखर. हात त्यामुळेच उडत असावा, म्हणाले. असा रोगी त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला. इन्सुलिनची सुई सुरू. नुसतं पाणी मिळालं, तांब्याभर. पिताना रडूच आलं.

फाल्गुन शु. ३

घरी. हात शांत. सुई रोज हवी, गावातला कंपाउंडर द्यायला तयार आहे. गोड बंद.

सा.बाई शिऱ्याची ताटली घेऊन आल्या. "अवं, हात थांबला ना? मंग सुई कायले? खाय." हे मान डोलावतात. समजावलं, विनवलं, भांडले. बाबांचं सांगितलं. सुनेचं कोण ऐकतं इथे!

हात मांडीवर गरीब होऊन पडला आहे. उद्या सकाळी सुईच्या वेळी मलाच तो हलवावा लागणार, असं दिसतं.