खिशात किल्ली असताना

डोंबिवली,
गुरुवार, दुपार

प्रिय अहो,

पत्र बघून दचकू नका, कोणाला काही झालेलं नाही. आई जेवून आडव्या झाल्या आहेत, शकू भांडी घासून गेली आहे आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. तुम्ही घोडबंदरला मुलाकडे, मी इथे तुमच्या आईजवळ, एवढ्याशा अंतरासाठी पत्र कशाला, फोन नव्हता का करता येत, असं तुम्ही म्हणणार. अहो, पण तुमच्या फोनवर बोलायचं कसं? तो कायम स्पीकरवर असतो. ऐकू कमी येतं म्हणून नव्हे, तुमच्या हातात नीलची वरणभाताची वाटी असते म्हणून. मी 'हॅलो' म्हटलं की अख्खा हॉल मला 'हॅलो' म्हणतो. शौनक लांबून विचारतो, आई, बरी आहेस ना? नील डायनोसॉरची नावं म्हणून दाखवतो. मागे टीव्हीवर कोणीतरी किंचाळत असतं. या भरल्या सभेत मी काय बोलणार? आईंच्या गोळ्या आणल्या, नळाला पाणी कमी येतंय, तुम्ही जेवलात का. भाजीवाल्याशीसुद्धा मी याहून मनातलं बोलते. म्हणून हे पत्र. तुमची सूनबाई कृतिका कालपासून इथेच आहे, आत्ता बाहेरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली आहे. संध्याकाळी ती निघेल तेव्हा तिच्याबरोबर पाठवते. कृपा करून एकट्याने वाचा, नीलला गोष्ट म्हणून वाचून दाखवू नका.

आधी हे सांगते की मला राग आला आहे. सौम्य करून लिहिणार होते, पण आयुष्यभर शाळेत पोरांना 'मुद्द्याचं लिहा' म्हणत आले, आता स्वतः कशाला टाळू? मी चिडलेली आहे. या घरात 'तात्पुरतं' या शब्दाने माझ्या डोक्यावर मिरे वाटले आहेत. कृतिकाची रजा संपली, सांभाळायला ठेवलेली बाई महिन्यात सोडून गेली, तेव्हा शौनक आपल्यापुढे हात जोडून बसला होता. आईंना सोडून मला हलता येईना, म्हणून तुम्ही म्हणालात, मी जातो, तात्पुरता. मला तेव्हा तुमचं किती कौतुक वाटलं होतं! ज्या माणसाला स्वतःच्या घरात साखरेचा डबा सापडत नव्हता, तो बाळाचं दूध कोमट आहे का ते मनगटावर थेंब टाकून बघायला शिकला. अख्ख्या सोसायटीला मी सांगत सुटले होते. तेच बाळ आता चार वर्षांचं झालं, स्वतःच्या हाताने बूट घालतं, मोबाइलवर पिझ्झा शोधतं. तुमचं तात्पुरतं मात्र अजून चालूच आहे. शौनकला विचारलं की तो म्हणतो, "आई, थोडंच राहिलंय गं, अ‍ॅडजस्ट कर ना." मी अ‍ॅडजस्ट करण्यात पीएच.डी. केली आहे हे त्याला कोणी सांगितलं नाही वाटतं.

आपण काय ठरवलं होतं, आठवतं का? तुम्ही निवृत्त झालात की संध्याकाळी फडके रोडवरून रमतगमत गणपतीच्या देवळापर्यंत जायचं, येताना भाजी घ्यायची, रविवारी नाटक. आईंजवळ तेवढा वेळ शकू बसेल. फार मोठं मागितलं नव्हतं मी. काश्मीर नाही, सिंगापूर नाही. त्याऐवजी मला मिळाले शनिवारचे पाहुणे. शौनक तुम्हाला गाडीने सोडतो, शीळफाट्याला तुम्ही अडकता, जेवणाची वेळ टळून गेल्यावर घामाघूम येऊन पोचता. जेवता, झोपता, उठून वर्तमानपत्र वाचता. रविवारी दुपारचा चहा झाला की तुमची पिशवी दाराशी जाऊन बसते. मागच्या महिन्यात तर तुम्ही टॉवेलसुद्धा तिकडून घेऊन आलात. कपाटात तुमचे टॉवेल घडी करून ठेवलेले आहेत, हे विसरलात? आणि त्या शनिवारी तुम्ही बेल वाजवलीत. मी कणकेच्या हाताने धावत आले, दार उघडलं, बघते तर तुम्ही. खिशात किल्ली होती तुमच्या. मी विचारलं तर म्हणालात, "अगं, सवयीने वाजवली." स्वतःच्या घराची बेल वाजवायची सवय माणसाला कधी लागते हो? मी आत गेले. कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी राहिले आणि चौथ्या शिट्टीनंतर कुठे गॅस बंद केला, वरणाचा लगदा झाला. तुम्ही 'छान झालंय' म्हणून जेवलात, तेही मला आवडलं नाही. पाहुणेच असं म्हणतात.

आता कृतिकाबद्दल. मंगळवारी मी तिला ऑफिसात फोन केला आणि म्हटलं, मला तुझ्याशी एकटीशी बोलायचं आहे. ती बिचारी दुसऱ्याच दिवशी सगळं सोडून आली. तुम्हाला फक्त 'आजींना बघून येते' म्हणाली. तिच्यापुढे मी ताट वाढलं आणि मनात तयार केलेलं भाषण सुरू केलं. माझ्या नवऱ्याला किती दिवस अडकवून ठेवणार आहात, त्यांचंही वय झालं, त्यांनाही घर आहे, असं सगळं. ती ऐकत राहिली आणि मग तिचे डोळेच भरले. म्हणाली, "आई, नीलसाठी आमच्या शेजारच्या कॉम्प्लेक्समधल्या पाळणाघरात दिवाळीपासून जागा आहे. मी दोनदा बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, मी असताना पोराला परक्यांकडे कशाला टाकता? मी अजून काय बोलणार होते? तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं की सून सासऱ्यांना घालवतेय." माझ्या हातातला डाव तसाच राहिला. एवढे दिवस जिला मी मनातल्या मनात नावं ठेवली, ती निरपराध निघाली. म्हणजे तुम्हाला कोणी अडकवलेलं नाही, तुम्ही स्वतःच स्वतःला अडकवून घेतलं आहे. आणि मला सांगायचात, "काय करणार मंदा, मुलांची गरज आहे."

रात्रभर विचार करायची गरज पडली नाही, कारण तुम्ही असं का करता ते मला कळलं होतं. खरं तर तेव्हाच कळलं होतं, पण तुम्ही बोलला नाहीत म्हणून मीही गप्प बसले. दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी तुम्ही आत आलात, आणि आईंनी मला हाक मारली, "मंदा, ते लाइटच्या मीटरवाले आलेत गं. उन्हातून आलेत बिचारे, पाणी दे त्यांना." तुम्ही हसलात. पाणी प्यायलात, मीटरकडे बघितल्यासारखं केलंत आणि 'येतो आजी' म्हणून आतल्या खोलीत गेलात. मला वाटलं, किती छान सांभाळून घेतलं यांनी. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी त्या तुमच्याकडे टक लावून बघत राहिल्या, आणि अगदी मायेने म्हणाल्या, "घरी आई असेल ना तुमची? मग जा हो आता, उगाच उशीर नका करू. वाट बघत बसली असेल ती." तुम्ही गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे काढायला लागलात. ओले होते सगळे. मी ते तुमच्या हातातून घेऊन पुन्हा दोरीवर टाकले. त्यानंतर तुम्ही रविवारी दुपारीच निघायला लागलात. कधी नीलला खोकला असायचा, कधी शौनकला गाडी हवी असायची.

मला समजतं हो. पोटच्या पोराला आईने ओळखू नये, याहून वाईट काय असेल? तिथे नील 'आजोबा, आजोबा' करत दिवसभर तुमच्या पायात घुटमळतो, आणि इथे तुम्ही मीटरवाले. मी तुमच्या जागी असते तर मलाही तिकडेच राहावंसं वाटलं असतं. पण मी तुमच्या जागी नाही ना! मला जायला कुठलं घोडबंदर आहे? तुम्ही आठवणीने तिकडून वस्तू पाठवता. बिछान्यावर घालायचे कागद, हाताला धरायची काठी, बाथरूममध्ये न घसरणारी चटई, नाचणीचं सत्त्व. एक दिवसाआड दाराशी खोकं येतं. कुरिअरवाला मला नावाने ओळखतो. आई त्यालाही पाणी द्यायला सांगतात. मला खोकी नको आहेत. आईंना अंघोळीला उठवताना पलीकडच्या दंडाला धरणारा एक हात हवा आहे. त्यांनी ताट सरकवलं, 'मी जेवले मघाशी' म्हणून हट्ट धरला, की मी रागाने काहीतरी बोलून जाते, तेव्हा 'तू जा बाहेर, मी बघतो' म्हणणारं कोणीतरी हवं आहे. त्या तुम्हाला ओळखत नाहीत, कबूल. पण तुम्ही तर त्यांना ओळखता ना? तुमच्या आई आहेत त्या. माझ्या सासूबाई आहेत, आणि तरी मी इथे आहे.

तर आता मुद्द्याचं. नीलची पाळणाघरातली जागा काल रात्री कृतिकाने पक्की केली. शौनकला फोनवर सांगून झालं आहे, तो आधी कुरकुरला, मग म्हणाला, "ठीक आहे, बरोबर आहे तुझं." सोमवारपासून नील शाळेतून परस्पर तिकडे जाईल. म्हणजे सोमवारपासून तुम्हाला तिथे काही काम उरलेलं नाही. या शनिवारी येताना टॉवेलच नव्हे, सगळंच सामान घेऊन या. बीपीच्या गोळ्या, चष्म्याची जुनी जोडी, ती तुमची हट्टाची उशी. नीलला भेटायला आपण जात राहू, एकाआड एक. एक जण आईंजवळ थांबेल, दुसरा जाईल. रागावलात तरी चालेल, इथे येऊन रागवा.

आणि हे सगळं याच आठवड्यात का, ते लिहिल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. मंगळवारी सकाळी मी आईंच्या खोलीत चहा घेऊन गेले. त्या उठून बसल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "या, बसा ना. कुणाकडे आलात?" मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हटलं, आई, चहा आणलाय. तर म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात? माझी सून येईल आता, ती करून देईल. फार चांगली आहे. बाजारात गेली असेल, येईलच इतक्यात. मंदा नाव तिचं." मी बसले. दुसरं काय करणार? आम्ही दोघी चहा पीत मंदाची वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने त्याच काळजीत पडल्या, "एवढा वेळ कधी लावत नाही हो ती." तेव्हा मी उठून तुम्हाला फोन लावला. पलीकडून सगळ्यांनी 'हॅलो' म्हटलं, आणि मी नळाला पाणी कमी येतंय असं सांगून ठेवून दिला. काल, आज, त्यांनी एकदाही मला हाक मारलेली नाही. मी ओट्याशी, मी बाथरूममध्ये, मी दाराशी, आणि कोणीतरी परकी बाई घरात वावरते आहे अशा नजरेने त्या माझ्याकडे बघतात. आईंसाठी या असं मी म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्यासाठी या. या घरात मी कोण आहे हे माहीत असलेलं एक तरी माणूस मला हवं आहे.

तुमचीच,
मंदा