चिकपेटमधली वाचनचळवळ

१ मार्च १९९८, रविवार
भयंकर दिवस. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब, म्हणजे माझ्या बायकोचे, राजलक्ष्मीचे, सख्खे काका. चहा पिता पिता म्हणाले, पाडव्यानंतर लायब्ररीच्या खोलीत कंप्युटर क्लास काढावा असं कमिटीचं चाललंय. पुस्तकं कुणी नेत नाही, कपाटं नुसती जागा अडवतात.
माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुण्याहून बदली होऊन इथे कन्नड मुलखात आलो, इथल्याच जुन्या मराठी घराण्याचा जावई झालो, तेव्हापासून बारा वर्षं ती लायब्ररी मी सांभाळतोय. ऑफिसात मला काळं कुत्रं विचारत नाही. त्या खोलीत मी ग्रंथपाल असतो. ती गेली की मी कोण?
हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. शेवटी इथल्या कानडी वळणाने म्हणाले, सरी, बरं जावईबापू, पाडव्यापर्यंत स्वल्प बघू. लोक वाचताना दिसले तर कमिटीला मी सांगतो.
संकल्प : चिकपेटला वाचायला लावणार.

३ मार्च, मंगळवार
ऑफिसला दांडी मारून यशवंतपूर स्टेशनवरून पुण्याचं पार्सल सोडवलं. नवी कोरी पुस्तकं! भावाभावांच्या वैरावरची जाडजूड कादंबरी, एक कवितासंग्रह, मधुमेहावर डॉक्टरांनी लिहिलेलं पुस्तक आणि छोट्यांसाठी साळिंदराची रंगीत गोष्ट. आठवड्यात सगळी वाचून काढणार.

५ मार्च, गुरुवार
सगळ्यांची मागची कव्हरं वाचून झाली. अनुभवी माणसाला तेवढं पुरतं.

८ मार्च, रविवार
लायब्ररीत कुणी येत नाही, तर लायब्ररीच घरोघरी नेली. अप्पासाहेबांच्या कापडदुकानात जाऊन मधुमेहाचं पुस्तक दिलं. त्यांची बहीण रत्नाबाई, जिला सगळे रत्नाक्का म्हणतात, तिला कादंबरी. हार्डवेअरवाल्या नरसिंहाला कविता. अप्पासाहेबांची नात भूमिका, तिला साळिंदर. एकानेही नाही म्हटलं नाही! सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतली. माणसांना भूक आहे हो, वाढणारा पाहिजे.

११ मार्च, बुधवार
रत्नाक्काने कादंबरी परत पाठवली. तीन दिवसांत! विचारलं, कोणतं पात्र आवडलं? म्हणाली, सगळीच चांगली माणसं. मागच्या कव्हरनुसार थोरला धाकट्याला विष घालतो. खुन्यातही माणूस पाहणारी वाचक आहे ही. पुण्यात अशी मिळणार नाही.

१५ मार्च, रविवार
नरसिंहाने कवितांचा कागद बोटांत धरून बघितला आणि भारी आहे म्हणाला. निर्मितीमूल्यांची जाण! भूमिकाने साळिंदराची गोष्ट सांगितली, तीत साळिंदर मरतं. माझ्या माहितीप्रमाणे ते झोपतं. मुलांची कल्पनाशक्ती.
अप्पासाहेब पुस्तक गल्ल्याशेजारी ठेवून म्हैसूरपाक खात होते. विचारलं, तर फार उपयोगी पुस्तक आहे म्हणाले. सत्य कळूनही न डगमगणारा माणूस.
कमिटीला मात्र पुरावा हवाय. रात्री झोप नाही.

१८ मार्च, बुधवार
सुचलं! पाडव्याच्या कार्यक्रमात प्रत्येकाने नव्या पुस्तकातलं आवडतं पान स्टेजवर मोठ्याने वाचायचं. कमिटी समोरच बसलेली असणार. कुणाला विचारत बसलो नाही, थेट नावं छापून टाकली. राजलक्ष्मीचंही घातलं, कवितांपुढे.
ती कार्यक्रमपत्रिका बघून पांढरी पडली. म्हणाली, हे नको, अहो, स्वल्प ऐका माझं. मी म्हटलं, स्टेजची भीती सगळ्यांनाच असते. पुन्हा काही बोलायला लागली. मी तिला आवाज कसा लावायचा ते दाखवलं.

२५ मार्च, बुधवार
रत्नाक्काला ताप. नरसिंह माल आणायला हुबळीला जाणार म्हणतो. ऐन वेळी सगळ्यांना काय धाड भरते? घरोघरी जाऊन अक्षरशः गयावया केली. जावयाने हात जोडले म्हणून बिचारे कबूल झाले.

२८ मार्च, शनिवार, पाडवा
हॉल भरलेला. कमिटी पुढच्या रांगेत.
अप्पासाहेब आधी. पुस्तक उघडलं, बघत राहिले, चष्मा पुसला, पुन्हा बघत राहिले. मग म्हणाले, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावरच होता. मी धावत जाऊन माझा दिला. दोन चष्मे लावून ते नुसती पानं उलटत राहिले.
मग रत्नाक्का. कादंबरी छातीशी धरली आणि डोळे भरून आले. मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, प्रसंगच तसा असेल.
राजलक्ष्मी उठली. पुस्तक खुर्चीवर ठेवून माईकजवळ गेली. म्हणाली, आम्हाला मराठी वाचता येत नाही. आम्ही घरात बोलतो तेवढंच. शाळा कन्नड. हिंदीच्या तासाला जी अक्षरं आली ती शाळेबरोबरच गेली. काकांना येत नाही, अक्काला येत नाही, मलाही येत नाही.
अप्पासाहेबांनी दोन्ही चष्मे काढले आणि हळूच म्हणाले की पुण्याचा जावई एवढ्या हौसेने पुस्तकं आणतो, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?
मी भाषण तयार ठेवलं होतं. ते केलं नाही. पुरणपोळी गिळवली नाही.

५ एप्रिल, रविवार
खोली गेली. कपाटं आमच्या हॉलमध्ये आली. दार पूर्ण उघडत नाही.
राग येतोय. बारा वर्षं एकाने तोंड उघडू नये? लग्नापासून राजलक्ष्मीला दर वाढदिवसाला पुस्तक देतोय मी! तिने दर वेळी कव्हर घालून ठेवलं.
संकल्प : तिला मीच वाचायला शिकवणार. उद्यापासून, रोज अर्धा तास.

६ एप्रिल, सोमवार
ऑफिसात काम. उद्या नक्की.

९ एप्रिल, गुरुवार
आज बसलो. आधी तिला मराठी साहित्याची थोर परंपरा समजावून सांगितली. तेवढ्यात अर्धा तास झाला. अक्षरं उद्या.

१३ एप्रिल, सोमवार
कंप्युटर क्लास सुरू झाला. सहज म्हणून तिकडून गेलो. खिडकीतून बघतो तर पहिल्या बाकावर राजलक्ष्मी.
घरी आल्यावर विचारलं, मी शिकवतोय ना, मग हे कशाला? म्हणाली, तिथल्या सरांनी आल्या आल्या विचारलं, तुम्हाला काय येतं, काय येत नाही? मी म्हटलं, काहीच येत नाही. ते म्हणाले, बरं, बसा.
मग ती पानं घ्यायला आत गेली. मी जेवायला बसलो. मला फार वाईट वाटलं.