मस्कत, आर्णी रोड

गुरुवार, ९ नोव्हेंबर २००६. सकाळी ६.४० (मस्कत ५.१०)
या क्षणी सुटकेसची कुलपं दुसऱ्यांदा तपासतो आहे. दोन्ही लागलेली. मुहूर्त अचूक साधला. घरासमोर पस्तीसएक माणसं जमली होती. बाबांनी हार घातला, आईने माझ्या बायकोची, भैरवीची, ओटी भरली. ऑटोने एसटी स्टँड, तिथून दुसऱ्या ऑटोने आर्णी रोडला रहेमानभाईच्या गॅरेजवरची खोली. घरापासून अंतर दोन किलोमीटर.

कारण नोंदवून ठेवतो. काल संध्याकाळी नागपूरच्या एजंटचा फोन आला, व्हिसाला अजून चार दिवस. घरी सांगितलं नाही. बाबांना बीपी आहे. शिवाय बाबांची बदली व्हायची, आणि मुहूर्तावर निघणं जमायचं नाही, तेव्हा ते सुपारी-तांदूळ रुमालात बांधून शेजाऱ्याकडे ठेवून यायचे. त्याला प्रस्थान म्हणतात. ते ठेवलं की माणूस निघाला असं धरतात. आम्ही रुमालाऐवजी स्वतःलाच ठेवलं आहे. शास्त्राप्रमाणे आम्ही परदेशात आहोत.

घड्याळ दीड तास मागे लावलं. सवय झालेली बरी.

संकल्प: रोज दहा अरबी शब्द. रस्त्याकडची खिडकी बंद. भैरवीशी शांतपणे बोलणे.

शुक्रवार, १० नोव्हेंबर
ऑफर लेटर पुन्हा वाचलं. मस्कतच्या एका व्यापाऱ्याच्या बंगल्यावर जोडप्याला नोकरी. मी स्टोअर्स बघणार, भैरवी घर. पत्रात स्पेलिंगच्या पाच चुका आहेत, एक देशाच्या नावातच. मोठ्या माणसांना स्पेलिंग बघायला वेळ नसतो. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो तेव्हा मी एक वेलांटी चुकू दिली नाही. आणि जिनिंग मार्चमध्येच बंद पडलं. यातून काय ते समजावं.

भैरवी शाळेचा विषय काढते. तिच्या मुख्याध्यापिकाबाईंनी राजीनामा घेतला नाही, फक्त रजा. वीस तारखेला सोमवारी हजर झालीस तर जागा तुझी, नाही तर दुसरी बाई घेऊ. मी समजावलं की मस्कतला गेलेली बाई यवतमाळच्या शाळेत सही कशी करणार? ती म्हणाली, पेनाने.

अरबी शब्द: शून्य. पुस्तक आणायचं आहे.

रविवार, १२ नोव्हेंबर
खाली गॅरेजसमोर अकरा मोटरसायकली दुरुस्त होऊन उभ्या आहेत. न्यायला कोणी येत नाही. रहेमानभाई सांगत होता, कापूस विकून येतो म्हणून गेले, भाव ऐकून तिकडच्या तिकडेच गेले असन. असं निराश बोलणं मला आवडत नाही.

दुपारी तो हसत वर आला. अबे साकेत, तुझे बाबा आत्ता सायकलचं पंक्चर काढून गेले. पोट्टा पोहचला असन आता, म्हणे. मले हसू आवरून नाही राह्यलं बे, कायले छळतं म्हाताऱ्याले? मी सांगितलं, फक्त उद्यापर्यंत.

भैरवी हसली नाही. मस्कतात आज वांग्याचा काय भाव आहे जी, एवढंच विचारलं.

मंगळवार, १४ नोव्हेंबर
एजंटचा फोन स्विच ऑफ. विमानात असेल.

स्टँडजवळच्या बूथवरून घरी फोन केला. पोहोचलो, हवा कोरडी आहे, असं सांगत असतानाच मागे भोंग्यावर उमरखेड गाडी फलाट तीनवर लागल्याचं जाहीर झालं. बाबा म्हणाले, आवाज फार जवळून येतो रे. मी म्हणालो, सॅटेलाइट. ते म्हणाले, जेवत जा वेळेवर. अजिबात संशय आला नाही.

गुरुवार, १६ नोव्हेंबर
नागपूरला जाऊन आलो. ऑफिस बंद. बोर्ड काढलेला, भिंतीत स्क्रूची चार भोकं. जिन्यात वीसेक माणसं बसली होती, सगळ्यांकडे माझ्यासारखंच लेटर. एकाने विचारलं, तुमच्याही बायकोचं नाव टाकलं का? फार वेळ थांबलो नाही. ऑफिस मोठ्या जागेत हलवलं असणार. धंदा वाढला की तसं करावंच लागतं.

भैरवीला सांगितलं, काम प्रोसेसमध्ये आहे.

शनिवार, १८ नोव्हेंबर
भैरवीने खिडकी उघडली. खाली भुरीबाईच्या भाजीच्या गाड्यापाशी आई उभी. सांगत होती, माझ्या सुनेले तिथं आंबाडी कुठची भेटते, कशी जेवत असन ते पोरगी. भैरवी म्हणाली, हाक मारते. मी तिचा हात धरला. नुसता धरला. दोन बांगड्या फुटल्या. काच हलकी होती.

आई मेथी घेऊन गेली.

संकल्प: आवाज न चढवणे. (आज चढवला नव्हता.)

सोमवार, २० नोव्हेंबर. संध्याकाळी ६.१५
सकाळी सहालाच भैरवी साडी नेसून, वेणी घालून तयार. साडेदहाची शाळा. मले जाऊ द्या, लोकांना काय सांगायचं ते मी सांगते, तुमच्यावर काही येऊ देत नाही, असं तीनदा म्हणाली. मी म्हणालो, नागपूरहून नक्की बातमी आणतो, संध्याकाळपर्यंत थांब.

निघताना सवयीने बाहेरून कडी लागली. कुलूपही सवयीनेच.

नागपूरला बातमी नव्हती. जिन्यातसुद्धा कोणी नव्हतं.

परत आलो तर कुलूप तुटलेलं. रहेमानभाईच्या बायकोने, उमेराभाभीने, दार वाजल्याचा आवाज ऐकला होता, पण तो कंप्रेसर बंद झाल्यावर, दोन वाजता. भैरवी धावत शाळेत गेली. नवीन बाई तिच्या पहिलीच्या वर्गात बसली होती.

रहेमानभाईने कुलपाचे दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले.

घाई टाळली तर तिला पुढच्या वर्षीही जागा मिळू शकते, हे मी समजावलं.

बुधवार, २२ नोव्हेंबर
भैरवी तिची सुटकेस घेऊन उजेडी, भर रस्त्याने घरी गेली. आईबाबांना सगळं सांगितलं, पाया पडली आणि स्टँडवर आली. मी तिथे होतो. माझ्याकडून फक्त तिकिटाचे पैसे घेतले. उमरखेडला माहेरी कधीपर्यंत राहणार, असं विचारलं. म्हणाली, मी काही रुमालात बांधलेली सुपारी नाही, ठेवली तिथं राह्यला.

राग दोन दिवसांत उतरेल. तरी उशीर नको. आज दुपारच्याच गाडीने जाऊन तिला घेऊन येतो. त्याआधी हिशोब.

एजंटला दिले: ७०,०००
पैकी बाबांची एफडी ४०,०००, भैरवीचा गळ्यातला सेट १८,०००, माझी बचत १२,०००
देणं: बाबा ४०,०००, भैरवी १८,०००, रहेमानभाई कुलूप ७५

निघताना खिशात: १,५००
नागपूर दोन वेळा, जाऊन-येऊन: ३६०
जेवण: ७४०
फोन: २१२
ऑटो: ६०
रॉकेल: २३
भैरवीचं तिकीट: ६४
एकूण खर्च: १,४५९
शिल्लक: ४१

उमरखेडचं तिकीट: ६४