पाच नंबरची बोअर

६ जानेवारी
आज दिंडोशीच्या दगडखाणीवर रुजू झाले. खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली, खड्डा पाण्यानं भरलाय. इथे इमारती उठणार म्हणून पंप लावून पाणी उपसताहेत. त्यानं आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी किती खाली जातं ते मोजायचं, हे माझं काम. खाणीभोवती पाच बोअर आहेत. पाइपात टेप सोडायची, टोक पाण्याला टेकलं की बीप वाजतो, आकडा लिहायचा. झकास काम. राहायला पत्र्याची खोली, पाच नंबरची बोअर दारासमोरच. तिचं पाणी अठरा मीटरवर. राखणदार कुंडलिककाका खालच्या फाटकावर असतात. वर फारसं कुणी येत नाही म्हणाले. रुचिराला खोलीचा फोटो पाठवला. विक्रोळीला आम्ही एकत्र राहायचो. तिचं लग्न झाल्यापासून निळ्या टिका उशिरानेच येतात.

११ जानेवारी
एक ते चार नंबरचं पाणी रोज उतरतंय. उतरायलाच हवं, खड्डा रिकामा होतो तसं खडकाच्या भेगांमधून पाणी तिकडे ओढलं जातं. पाच नंबरचं पाणी मात्र अठरावरून पंधरावर चढलं. साहेबांना, निलेश सरांना, फोन केला. टेप तपास म्हणाले. तपासली, ठीक आहे.
दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. टेप गुंडाळताना उगाच पाइपाशी वाकून म्हटलं, मी श्रुतिका, कणकवलीची. आवाज परत आला, जरा उशिराने. हसू आलं.

१५ जानेवारी
आता रोज बोलते तिच्याशी. भाजी करपली, रुचिरानं फोन उचलला नाही, असलंच काहीबाही. ज्या दिवशी जास्त बोलते त्या दिवशी पाणी जास्त चढतं. हे वहीत लिहिता येत नाही. आज नऊ मीटर.

१८ जानेवारी
मागच्या वस्तीतल्या शेवंतीमावशी आल्या होत्या, आमच्याच मालवणी मुलखातल्या. त्यांची विहीर चाळीस वर्षांत कधी आटली नव्हती, तीन दिवसांत कोरडी पडली. मी पंपाचं कारण सांगितलं. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी बोअरवर वाकून बघितलं. मग म्हणाल्या, “पाणी हयसर इला. तू कोणाक साद घालतस गो?”


२० जानेवारी
बोलणं बंद केलंय. एक ते चार, चारही बोअर कोरड्या. टेप तळाला टेकते, बीप नाही. पाच नंबर दोन मीटर. सर म्हणाले, असं होऊच शकत नाही, सोमवारी बघायला येतो. कुंडलिककाका गावी गेलेत.

२१ जानेवारी
दुपारी पुन्हा चार नंबरला गेले. सकाळी कोरडी होती. वाकले तर बीप — सहा मीटर. तिथेच उभी राहिले. परत टेप सोडली. चार मीटर. धावत दारापाशी आले. पाच नंबर ठणठणीत कोरडी. टेप तळाला टेकलेली असतानाच बीप —
पाणी नुसतं चढत नाहीये. मी असते तिकडे येतंय.

२२ जानेवारी
बॅग भरली. शेवंतीमावशींना सांगून जावं म्हणून वस्तीत गेले. अंगणात दहा मिनिटं उभी होते — त्यांच्या विहिरीत पाणी आलं. बायका कळश्या घेऊन धावल्या. मावशींनी माझा हात धरला. “हयच रव गो.” सगळ्या तेच म्हणाल्या. चहा दिला, खुर्ची दिली, कुणी केसही विंचरले. इतक्या माणसांनी मला राहा म्हणावं — कधीच नाही.
राहिले.

२३ जानेवारी
खुर्ची विहिरीच्या कठड्याला लावलीय. मी उठले की पाणी उतरतं. उठू देत नाहीत. रागानं नाही — खांद्यावर हात ठेवतात, बस म्हणतात. बॅग दिसत नाही.

२४, सकाळ
पाणी काठोकाठ. आज बायका हसल्या नाहीत. पिंपं भरली, घागरी भरल्या — भराभर. “पाणी तुका नेवक इला गो,” म्हणत मावशी माझ्याकडे न बघता गेल्या. दारं लावून घेतली सगळ्यांनी. हाक मारली. कुणीच —

कठड्यावरून खाली सांडतंय. उतार पलीकडे आहे. तरी माझ्याकडेच —

घोट्यापर्यंत. कोमट आहे. हातासारखं —
उठते म्हटलं तर सोडत ना